उपसंहाराचा अधिकार : सोलापूर, मे १९३०

ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना त्याचा उपक्रम व उपसंहार एकत्र ताडून पाहावेत, असा मीमांसकांचा दंडक आहे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या (१९१५) पहिल्याच प्रकरणात या कसोटीचा आधार घेतला. आरंभी अर्जुन युद्ध नाकारतो, शेवटी त्यास सिद्ध होतो. तेव्हा मधल्या उपदेशाचा कल संन्यासाकडे असणे संभवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होय. त्यांच्या पंधराव्या प्रकरणाचे नावच 'उपसंहार' आहे. टिळकांचा निर्णय कोणी मानो वा न मानो. वाचकासाठी सांगितलेली ही कसोटी निबंधकारालाही बांधते. जी शंका आरंभी उपस्थित केली, तिचेच उत्तर अखेरीस आले पाहिजे.

सोलापूरच्या लष्करी कायद्यासारख्या विषयात ही संगती तुटण्याचा संभव फार. गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाली. शहरात हरताळ पडला, गिरणी कामगारांनी संप केला. ८ मे रोजी गोळीबार झाला आणि जमावाच्या हातून पोलीस मारले गेले. पुढील काही दिवस सरकारी अंमल जवळजवळ लोपला. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली.

आता समजा, सरकारी अंमल का कोसळला, या प्रश्नाने निबंध सुरू झाला. शेवटच्या परिच्छेदात मात्र 'सोलापूर चार दिवस स्वतंत्र होते' हे सर्वतोमुखी असलेले वाक्य आले. ते खरे असेलही. परंतु ते या निबंधाचे फलित नव्हे. एक सत्ता ओसरणे आणि तिच्या जागी दुसरी उभी राहणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी आज्ञा कोणाची चालत होती, बंदोबस्त कोण ठेवीत होते, याची छाननी आधी झालेली हवी. ती झाली असल्यास तेच वाक्य उपसंहारात सन्मानाने बसेल. एरवी तो केवळ अलंकार. चौघांच्या दोषादोषाचा निवाडाही खटल्याची कागदपत्रे न तपासता अखेरच्या ओळीत उरकता येत नाही, मग लेखकाचा आदरभाव कितीही खरा असो.

याउलट अतिसावधपणाही व्यर्थच. 'अधिक संशोधनाची गरज आहे' या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. कोणता प्रश्न कोणत्या साधनाअभावी अडला, एवढे तरी सांगावे. जुळे सोलापूर ही वसाहत मूळ शहराच्या दक्षिणेस पुष्कळ नंतर वाढली. तेथील आजच्या रहिवाशांकडून टिपलेल्या आठवणींवर निबंध उभारला असेल, तर उपसंहारात १९३० च्या घटनांविषयी निर्णय देऊ नये. त्या घटना पुढील पिढ्यांनी कशा जपल्या, हे मात्र त्याच आठवणींवरून निश्चयाने लिहिता येते.