कॅमेरा मुक्कामाला राहिला तर

माहितीपटासाठी अनुदान द्यायचे म्हटले की आधी चर्चा होते ती रकमेची आणि मग निवड समितीची. ज्या प्रदेशांना पडद्यावर कधी जागाच मिळाली नाही, तिथल्या दिग्दर्शकांसाठी वेगळा निधी असावा, हे आता अनेक देशांतल्या संस्थांना पटले आहे. पण चित्रपट पूर्ण झाल्यावर तो निधी त्या प्रदेशात काय मागे ठेवून जातो, हे क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते या साऱ्या व्यवहाराची कसोटी तीच आहे, आणि ती लावून पाहायला कॅनडाचा इतिहास फार उपयोगी पडतो. आडबाजूच्या वस्त्यांत सरकारी पैशातून माहितीपटाचे प्रयोग तिथे दशकानुदशके चालले. त्यातले कोणते रुजले आणि कोणते उडून गेले, हे आज नीट तपासता येते.

नॅशनल फिल्म बोर्डाची स्थापना १९३९ ची. स्कॉटलंडहून आलेले जॉन ग्रिअर्सन त्याचे पहिले प्रमुख. कॅनडाची ओळख खुद्द कॅनडातल्या लोकांना करून द्यायची, हे बोर्डाचे काम. प्रत्यक्षात ही ओळख करून देणारे लोक आधी ओटावात आणि १९५६ नंतर मॉन्ट्रियलमध्ये बसत. पूर्व किनाऱ्यावरचे कोळी किंवा आर्क्टिकमधले शिकारी हे त्यांचे विषय. चमू जाई, चित्रीकरण करून परते, आणि संकलनाच्या टेबलावर त्या माणसांचे जगणे कसे दिसावे हे ठरे. या पद्धतीतला धोका १९६७ साली एका माहितीपटाने उघड केला. ‘द थिंग्ज आय कॅनॉट चेंज’ हा मॉन्ट्रियलमधल्या एका गरीब कुटुंबावरचा चित्रपट. करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, कामही प्रामाणिक होते. मात्र प्रसारणापूर्वी तो त्या कुटुंबाला दाखवलाच गेला नाही. दूरचित्रवाणीवर तो लागला आणि शेजारपाजारचे लोक त्या माणसांची टिंगल करू लागले. ज्यांच्याबद्दल सहानुभूती निर्माण करायची, त्यांनाच गल्लीत तोंड दाखवणे अवघड झाले.

त्याच वर्षी बोर्डाने केंद्र सरकारच्या काही खात्यांशी भागीदारी करून ‘चॅलेंज फॉर चेंज’ हा कार्यक्रम सुरू केला. तो १९८० पर्यंत चालला. त्याचा सर्वांत बोलका प्रयोग न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर झाला. न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले १९४९ साली. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांना रस्ते, शाळा, दवाखाने पुरवणे महाग पडते म्हणून लोकांना मोठ्या गावांत हलवायचे, असे सरकारी धोरण होते. फोगोवर सुमारे पाच हजार माणसे दहाएक वस्त्यांत राहत. मासेमारी खालावलेली, बरीच कुटुंबे सरकारी मदतीवर. शिवाय वस्त्यांचे आपसात पटत नसे. पंथ वेगळे, चर्च वेगळी. दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले ते मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाबरोबर. बेटावरची एकच मोठी गोष्ट सांगण्याचा मोह त्यांनी टाळला. एकेका माणसाचे बोलणे, एकेका प्रश्नावरची बैठक, एखादा समारंभ असे २७ छोटे चित्रपट तयार झाले. ज्याचे चित्रीकरण झाले त्याला ते आधी दाखवायचे आणि त्याला नको असलेला भाग काढायचा, हा नियम पाळला गेला. मग तेच चित्रपट वस्तीवस्तीत फिरवले. शेजारच्या वस्तीतला कोळीही आपल्यासारखेच रडगाणे गातो आहे, हे लोकांना पडद्यावर कळले. रिळे प्रांताच्या मंत्र्यांपुढेही गेली, मत्स्यव्यवसाय मंत्र्यांचे उत्तर चित्रित झाले आणि ते बेटावर परत आणून दाखवले. बेटावर कोळ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि स्थलांतराचा विषय मागे पडला.

सगळे श्रेय चित्रपटांना देणे बरोबर होणार नाही. सहकाराची हालचाल बेटावर आधीपासून होती आणि विद्यापीठाचा विस्तार कार्यकर्ता तिथेच राहून काम करत होता. पण माझा मुद्दा यामुळे कमकुवत होत नाही, उलट पक्का होतो. बोर्डाचा चमू आला आणि गेला. टिकली ती मुक्कामाला असलेली माणसे. पुढची कित्येक वर्षे ही पद्धत न्यूफाउंडलंडमध्ये वापरात राहिली ती विद्यापीठाने स्वतःची चित्रपट शाखा चालवली म्हणून. फोगोच्या चित्रपटांवर झालेला खर्च एकदाच झाला असता आणि मागे काहीच उरले नसते, तर आज आपण त्यांना चांगल्या हेतूने केलेला एक संग्रह म्हणून ओळखले असते.

१९६८ मध्ये याच कार्यक्रमातून आदिवासी तरुणांचे एक चित्रपट पथक तयार झाले. त्यातल्या विली डन यांनी जुन्या छायाचित्रांवर आणि स्वतःच्या गाण्यावर उभा केलेला ‘द बॅलड ऑफ क्रोफूट’ हा बोर्डाचा आदिवासी दिग्दर्शकाने केलेला पहिला चित्रपट मानला जातो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अ‍ॅक्वेसासनेच्या मोहॉक लोकांनी कॅनडा आणि अमेरिकेला जोडणारा, त्यांच्या जमिनीतून जाणारा पूल अडवला. पथकातले माइक मिचेल स्वतः मोहॉक आणि आंदोलनाच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्यांनी बोर्डाला कळवले आणि कॅमेरा वेळेवर पोहोचला. ‘यू आर ऑन इंडियन लँड’मध्ये कडाक्याच्या थंडीत पोलीस आणि आंदोलक एकमेकांसमोर उभे दिसतात, आणि कॅमेरा आंदोलकांच्या बाजूने पाहतो. तरीही दिग्दर्शक म्हणून नाव लागले ते बोर्डातल्या मॉर्ट रॅन्सन यांचे. मिचेल यांचे नाव दिग्दर्शक म्हणून लागायला २०१७ साल उजाडावे लागले. प्रशिक्षण दिले, यंत्रे दिली. पण कर्तेपण द्यायला संस्थेला जवळपास पन्नास वर्षे लागली. ही चूक सुधारली हे चांगलेच झाले. मात्र तोवर एक अख्खी पिढी आपल्याच चित्रपटाची पाहुणी म्हणून वावरली होती.

सरकारी पैसा घेतला की जीभ बांधली जाते, हा आक्षेप इथे हमखास घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. अलानिस ओबोमसाविन या आबेनाकी दिग्दर्शिकेचा अनुभव पाहावा. १९८१ मध्ये क्वेबेकच्या पोलिसांनी सॅमन मासेमारीच्या वादात रेस्टिगुशच्या मिकमाक वस्तीवर छापे घातले. त्यावर ओबोमसाविन चित्रपट करू लागल्या, तेव्हा आदिवासींच्या मुलाखती घ्या पण गोऱ्यांच्या नकोत, असे त्यांना बोर्डातूनच सुचवण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. छाप्यांचा आदेश देणाऱ्या मंत्र्यालाच कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांनी जाब विचारला आणि १९८४ च्या त्या माहितीपटाचा कणा हीच मुलाखत आहे. दबाव आला होता, हे खरे. पण त्या बोर्डात वर्षानुवर्षे काम करत होत्या, त्यांच्यामागे कामाची पुण्याई होती, म्हणून त्या अडून राहू शकल्या. एका चित्रपटापुरते अनुदान घेऊन आलेल्या नवख्या दिग्दर्शिकेला हे जमले असते का? पैसा सरकारचा की खासगी, याइतकाच महत्त्वाचा फरक पैसा एका कामापुरता आहे की पायाखाली जमीन देणारा आहे, यात असतो. १९९० च्या ओका इथल्या मोहॉक लोकांच्या संघर्षात ओबोमसाविन काटेरी तारांच्या आत राहून चित्रीकरण करू शकल्या त्यामागेही हेच बळ होते.

आर्क्टिकमधल्या इग्लूलिकची गोष्ट तर या विषयावरचा धडाच आहे. १९७२ मध्ये अ‍ॅनिक उपग्रह सुटला आणि दक्षिणेकडची दूरचित्रवाणी उत्तरेत पोहोचू लागली. तिच्यात तिथल्या इनुइट लोकांची इनुक्टिटुट भाषा जवळजवळ नव्हतीच. इग्लूलिकच्या लोकांनी १९७५ मध्ये आणि पुन्हा काही वर्षांनी मतदान करून दूरचित्रवाणी नाकारली. १९८१ मध्ये इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनला परवाना मिळाला, इनुइट लोक स्वतःच्या भाषेत कार्यक्रम करू लागले, तेव्हाच गावाने होकार दिला. त्याच १९८१ मध्ये झकारियस कुनुक हा तिथला तरुण शिल्पकार आपली दगडी शिल्पे मॉन्ट्रियलला घेऊन गेला, ती विकली आणि त्या पैशातून व्हिडिओ कॅमेरा घेऊन घरी आला. घरात टेप लावली की खिडकीबाहेर मुलांची गर्दी होई. पुढे तो कॉर्पोरेशनच्या इग्लूलिक केंद्रात लागला, पॉल अपाक अंगिलिरक यांच्याबरोबर काम केले, आणि १९९० मध्ये दोघांनी पाऊलूसी कुलिटालिक आणि नॉर्मन कोन यांच्यासह इसुमा ही कंपनी काढली. गावातच चित्रीकरण, गावातच संकलन, वेशभूषेसाठी गावातल्याच म्हाताऱ्या बायकांनी शिवलेली कातडी. ‘नुनावुत’ या तेरा भागांच्या मालिकेत १९४५ च्या सुमाराचे जगणे लोकांनी स्वतःच पुन्हा उभे केले.

कोन हे मूळचे न्यूयॉर्कचे. म्हणजे बाहेरच्याची नजर नकोच, असा माझा आग्रह नाही. कॉलिन लो यांच्याशिवाय फोगो घडले नसते. शेवटचा शब्द कोणाचा, एवढेच पाहायचे. राखीव निधीने दर्जा घसरतो, हाही आक्षेप जुनाच. इसुमाच्या ‘अतानारजुआत’ या कथापटाच्या वेळी उलटेच दिसले. चित्रपटांना सरकारी पैसा देणाऱ्या टेलिफिल्म कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच चित्रपटांसाठी मोठी तरतूद आणि आदिवासी भाषांसाठी वेगळी, पण लहान. भाषा इनुक्टिटुट म्हणून अर्ज लहान पेटीत पडला आणि पैसे न मिळाल्याने काम मध्येच रखडले. पुढे पूर्ण झालेल्या याच चित्रपटाला २००१ मध्ये कान महोत्सवात पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा कॅमेरा द’ऑर मिळाला. राखीव म्हणून दिलेली जागाच कमाल मर्यादा ठरते, तेव्हा ती प्रदेशाला मदत करत नाही, तिथेच अडकवून ठेवते.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला होता. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने १९४८ पासून देशभरच्या चित्रपटगृहांत सक्तीने माहितीपट दाखवले. गावे त्यात भरपूर होती, पण निर्णय पेडर रोडवर होत. १९७५ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज गावी इस्रोने लहान प्रक्षेपक उभारला आणि तिथल्या चरोतर भागातल्या लोकांचे प्रश्न, त्यांच्या बोलीतल्या मालिका त्यावर दिसू लागल्या. युनेस्कोने त्याची दखल घेतली. आणि १९८५ मध्ये तो बंद झाला. प्रक्षेपक तिथे राहावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार खेडा जिल्ह्यातल्या लोकांकडे कधीच नव्हता.

स्थानिक संस्था उभ्या केल्या की सगळे सुरळीत होते, असेही नाही. इसुमा स्वतः २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. उत्तरेतला खर्च प्रचंड, प्रेक्षक थोडे, आणि दर चित्रपटाला नव्याने पैसे जमवायचे. अशा हिशेबात कोणतीही संस्था तग धरणे कठीण. दरडोई प्रेक्षक मोजणारे याला अपयश म्हणतील. पण तिथे तयार झालेले तंत्रज्ञ, संकलक, कलाकार इग्लूलिकमध्येच होते आणि त्यांनी काम थांबवले नाही. जानेवारी २०२१ मध्ये उवागुत टीव्ही ही पूर्णवेळ इनुक्टिटुट वाहिनी सुरू झाली ती याच मंडळींच्या बळावर. २०१८ मध्ये कॅनडात इंडिजिनस स्क्रीन ऑफिस सुरू झाले, आणि आदिवासी दिग्दर्शकांना पैसे कोणत्या कामासाठी व कोणत्या भाषेत द्यायचे हे आता तिथे आदिवासीच ठरवतात. फोगोवर कोळ्यांना स्वतःचे चित्रपट आधी पाहायचा हक्क मिळाला, त्यानंतर एवढ्या टप्प्यापर्यंत पोहोचायला पन्नास वर्षे गेली.