पायातले जोडे आणि डोक्यावरची छत्री

आमच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी "जुन्या काळच्या बायकांविषयी चार ओळी लिहा" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास काय लिहायचा! पण गेल्या थंडीतली एक गोष्ट मनात सलत होती, म्हणून लेखणी हाती घेतली.

टाचा दुखत म्हणून डॉक्टरांनी मला बूट घालून रोज टेबललँडवर चालायला सांगितले. पातळावर कॅनव्हासचे बूट घालून निघाले, तर ओट्यावर बसलेले एक गृहस्थ हसून म्हणाले, "काय वहिनी, पलटणीत भरती झालात की काय?" मी इतकी ओशाळले की पुढचे दोन दिवस बूट पिशवीत घालून नेले आणि वर पठारावर गेल्यावरच पायात चढवले. तेव्हापासून प्रश्न पडला, की पूर्वीच्या बायका बाहेर पडताना काय घालत असतील?

दोनशे वर्षांपूर्वी पाचगणी हे गावच नव्हते. दांडेघर, खिंगर, गोडवली, अमराळ आणि तायघाट ही पाच गावे तेवढी होती. जॉन चेसन साहेबाने इथे वस्ती केली ती शतकाच्या मध्यानंतर. सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्या सुमाराची आपल्याकडची बाई नऊवारी लुगड्यात चाले. हे लुगडे चालण्यासाठीच निघाले असावे असे मला वाटते. कासोटा घट्ट, घोटे मोकळे, घाट चढताना काही पायात येत नाही. ओच्यात भाजी, शेंगा, काहीही बसते आणि पैसे कनवटीला. ब्राह्मणाघरी पदर दोन्ही खांद्यांवरून, मराठ्यांच्या घरी डोक्यावरून. मोठ्या घरच्या बायका मेण्यातून जात, त्यांना चालणे कसले ठाऊक! बाकीच्यांच्या डोक्यावर घागर नाहीतर मोळी आणि पाय अनवाणी. काही कामाशिवाय नुसतेच चालायला जाणे ही कल्पनाच नव्हती. एक वारी मात्र होती. आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी सन १८३२ च्या सुमारास माउलींच्या पालखीचा सोहळा सुरू केला. त्या वाटेने डोक्यावर तुळस घेऊन बाई पंढरपूरपर्यंत चालत जाई आणि तिला कोणी हसत नसे.

त्याच काळात विलायतेत मात्र फिरायला जाण्याची निराळी फॅशन होती. छातीखालीच कंबर धरलेला पातळ मलमलीचा झगा, तो चिखलात लोळू नये म्हणून घोट्याशी आखूड केलेला, पायात अर्धे बूट, डोक्यावर टोपडे, हातात नाजूक छत्री. झगा इतका तलम की खिसा शिवायची सोय नाही, म्हणून हातात बटव्यासारखी पिशवी. (आपला ओचा बरा!) वरून काश्मिरी शाल असली की मोठेपणा. शाली महाग पडत, म्हणून स्कॉटलंडातल्या पेस्ली गावी त्यांची नक्कल विणू लागले आणि आपल्या कोयरीला त्या गावाचेच नाव पडले. सन १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वर कंपनी सरकारला दिले. त्यानंतर या डोंगरावर मडमा हवा खायला फिरू लागल्या आणि विनाकारण चालणारी बाई आपल्या लोकांनी पाहिली.

मडमेने केले ते पाहिले, पण आपल्या बाईने केले की दगड! त्याचे कारण मला पुढे वाचनालयातली पुस्तके चाळताना उमगले. छत्री आणि अबदागीर हे राजेरजवाड्यांच्या मानाचे चिन्ह. जोडे तर वडीलधाऱ्यांपुढे काढून ठेवायचे. मग बाईने छत्री धरून, जोडे घालून रस्त्याने जाणे म्हणजे पुरुषांच्या मानावर हात टाकणे झाले. आपल्या जिल्ह्यातल्या नायगावी सन १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात शाळेला जात, तेव्हा अंगावर शेणचिखल पडे म्हणून जादा लुगडे बरोबर नेत असे सांगतात. त्या तर शिकवायला चालल्या होत्या. आनंदीबाई जोशी सन १८८३ मध्ये अमेरिकेस निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात बोलल्या, की मी रस्त्याने निघाले की लोक भोवती जमतात, हसतात, ओसरीवर बसलेले सभ्य गृहस्थदेखील खडे मारतात. ओसरीवर बसलेले! हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तशीच बसले. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याला जन्मलेल्या काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. बूट आणि छत्रीपायी त्यांनीही दगड खाल्ल्याचे सांगतात.

आमच्या आजेसासूबाई पसरणीचा घाट उतरून वाईच्या बाजाराला पायी जात. चपला होत्या, पण चावडीपुढे आल्या की त्या काढून हातात घेत, पुढच्या वळणावर पुन्हा घालत. मी नवी सून असताना त्यांना विचारले, "आजी, पाय भाजत नसत का?" त्या म्हणाल्या, "भाजायचे की. पण चावडी काही मोठी नव्हती."

पिशवीतले बूट मी आता घरूनच घालून निघते. आमच्या आळीतल्या सहाजणी बरोबर असतात. ओट्यावरचे गृहस्थ अजून तिथेच बसतात, पण आम्ही सहाजणी असल्यामुळे वर्तमानपत्र वाचतात. परवा सासूबाईंनी माझे बूट मागून घेतले आणि पाय घालून पाहिले. म्हणाल्या, "मला एक अंक मोठे लागतील."