ओळ देणारा माणूस

स्कॉटलंडच्या ल्युइस बेटावर गेलिक भाषेतल्या उपासनेत वाद्य नसतं. पुल्पिटच्या खाली एक माणूस बसतो, त्याला प्रिसेंटर म्हणतात. तो बायबलमधल्या स्तोत्राची ओळ भराभर, एकट्याने म्हणतो आणि लगेच सगळी मंडळी ती उचलते. पण एका सुरात नाही. जो तो आपल्या मुरक्या घेत, आपल्या गतीने जातो. कुणी पुढे, कुणी रेंगाळत मागे. ती लाट ओसरायच्या आत प्रिसेंटरची पुढची ओळ वरून येते.

मी नगरच्या चर्चमध्ये, पेटी-तबल्यावरच्या भजनांत वाढले. नर्सच्या नोकरीसाठी ल्युइसमधल्या स्टॉर्नोवेला आल्यावर शेजारच्या आजींनी मला पहिल्यांदा इथल्या उपासनेला नेलं. इथे गाताना बसतात आणि प्रार्थनेला उभे राहतात. आमच्याकडे नेमकं उलट. प्रवचन सुरू होताना आजींनी पेपरमिंटची पांढरी गोळी माझ्या हातावर ठेवली, तर गाताना स्तोत्रांचं पुस्तक माझ्या मांडीवर उघडलं आणि ओळीखाली बोट धरलं. त्यांच्या स्वतःच्या हातातही पुस्तक होतं. सगळ्यांच्याच होतं. तरी प्रत्येक ओळीला सगळे थांबत होते. डोळ्यांसमोर छापलेली ओळ दुसऱ्याने आधी का म्हणायची?

याचं उत्तर १६४४ सालात आहे. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या धर्मपरिषदेने उपासनेचे नियम घालून दिले, त्यात ही सोय होती: मंडळीत अनेकांना वाचता येत नसेल, तर कुणीतरी एकेक ओळ वाचून दाखवावी. स्कॉटलंडच्या दक्षिणेत लोक शिकले, तशी ती सोय अठराव्या शतकापासून मागे पडत गेली. गेलिक मुलखात मात्र ती रुजली. अर्गाइलच्या धर्मसभेने पहिली पन्नास स्तोत्रं गेलिक पद्यात १६५९ मध्ये छापली आणि संपूर्ण दीडशे १६९४ मध्ये. नवा करार स्कॉटिश गेलिकमध्ये यायला १७६७ साल उजाडलं. म्हणजे कित्येक पिढ्यांनी शास्त्र हाती येण्याआधी ते असं ओळीओळीने कानांवाटे घेतलं, पाठ केलं. गेलिक वाचायला शिकवणाऱ्या शाळांची संस्था १८११ मध्ये निघाली. लोक वाचू लागले आणि सोयीची गरज संपली, पण तोवर ती त्यांची गायकी झाली होती.

१८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. ल्युइसमधले बहुतेक लोक फुटून निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेले. त्याच वर्षी मुंबईत डॉ. जॉन विल्सनही तिकडेच गेले, ज्यांचं नाव गिरगाव चौपाटीवरच्या कॉलेजला आहे. फ्री चर्चने २०१० मध्ये स्तोत्रांखेरीज इतर गीतांना आणि वाद्यांना मुभा दिली. गेलिक उपासनेत स्तोत्रं मात्र अजून अशीच म्हटली जातात.

मला धास्ती वाटते ती भाषेची. २०२२ च्या जनगणनेत ल्युइस आणि शेजारच्या बेटांवर मिळून गेलिक बोलणारे निम्म्याहून कमी निघाले. चाली ध्वनिमुद्रित करता येतात. बॅक गावच्या चर्चमध्ये २००३ साली त्या केल्याही आहेत. पण प्रिसेंटर नुसता सूर लावत नाही. पुढची ओळ कोणत्या क्षणी टाकायची, हे तो समोरच्या मंडळीचा श्वास ऐकून ठरवतो आणि त्यासाठी समोर गेलिक गाणारी माणसं लागतात. हल्ली आजी मला आठवड्यातून एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बसवून एकेक कडवं म्हणून घेतात. अर्थ नंतर सांगतात, आधी ओळ.