शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. गाडीच्या विम्याचं काय?

भंडारा : घरात कुणाला इन्सुलिन सुरू झालं, की दोन प्रश्न हमखास निघतात. आता गाडी चालवता येईल का? आणि अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम देईल का? इन्सुलिन घेतल्यामुळे गाडीचा विमा बंद होत नाही. क्लेम अडकतो तो खोट्या माहितीमुळे, मुदत संपलेल्या लायसन्समुळे आणि न वाचलेल्या अटींमुळे.

हप्ता कशावर ठरतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर केंद्र सरकार इंजिनच्या सीसीवर ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खासगी कारसाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा वार्षिक हप्ता आहे. चालकाच्या आजाराचा त्यात संबंध नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता गाडीची किंमत, तिचं वय आणि आधी क्लेम घेतला की नाही यावर ठरतो. आरोग्य विम्यात मधुमेहाला प्रतीक्षा काळ लागतो, तो नियम इथे लावू नका.

लायसन्सचा फॉर्म नीट वाचा

लायसन्ससाठी फॉर्म १ मध्ये स्वतःच्या प्रकृतीची घोषणा द्यावी लागते. त्यात फिट, अचानक शुद्ध हरपणे किंवा चक्कर येणे याबद्दल थेट प्रश्न आहे. साखर उतरून शुद्ध गेल्याचे प्रकार झाले असतील, तर ‘नाही’ लिहू नका. वय ४० च्या वर असेल किंवा टॅक्सी, मालवाहू अशा व्यावसायिक वाहनाचं लायसन्स असेल, तर डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. आजारामुळे कुणी गाडी चालवण्यास योग्य नाही असं वाटल्यास, कलम १६ नुसार परिवहन कार्यालय नव्याने वैद्यकीय दाखला मागू शकतं किंवा लायसन्स रद्द करू शकतं.

फॉर्म एजंट भरतो, सही तुमची असते

शोरूममध्ये किंवा एजंटकडे बहुतेक जण कोऱ्या अर्जावर सही करून मोकळे होतात. विम्याच्या अर्जात चालकाला दृष्टी, श्रवण किंवा शारीरिक दोष आहे का, असा प्रश्न असू शकतो. तिथे खरं काय ते लिहा आणि अर्जाची झेरॉक्स किंवा फोटो जवळ ठेवा. कंपनीला ईमेलने कळवलं तर पुरावा राहतो.

१५ लाखांची अट

मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम १५ लाख रुपये असते. याच्या नेहमीच्या अटींत शारीरिक दोष किंवा व्याधीमुळे झालेला मृत्यू वा दुखापत वगळलेली असते. म्हणजे साखर उतरून शुद्ध गेली आणि गाडी झाडावर आदळली, तर कंपनी या अटीवर बोट ठेवू शकते. पॉलिसीत ती ओळ शोधा आणि कंपनीला आधीच लेखी विचारा.

लायसन्स नसेल किंवा चालत नसेल, तर आणखी अवघड. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालानुसार अशा वादात कंपनीला जखमीची भरपाई आधी द्यायला सांगून, ती रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल करू देता येते. तेव्हा वावर विकायची पाळी येऊ शकते.

स्टेअरिंगवर बसण्याआधी

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना निघण्याआधीच्या दोन तासांत आणि प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासायला सांगतात. आपल्याकडेही ही सवय कामाची आहे.

• साखर ९० च्या खाली असेल तर काही खाऊन निघा. ७० च्या आसपास किंवा खाली असेल तर गाडी चालवू नका.
• घाम, थरथर, धडधड जाणवली की गाडी बाजूला घ्या, चावी काढा, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर नीट झाल्यावरही ४५ मिनिटं थांबा.
• साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. खिशात ‘मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो’ अशी चिठ्ठी ठेवा.
• मे महिन्यात बंद गाडीत इन्सुलिन ठेवू नका, उष्णतेने ते निकामी होतं.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. विमा नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं असेल तर मुदत दोन वर्षांची आहे.