चित्रांगदा: प्रेमात पडल्यावर योद्धा राजकन्या का बदलते?

अर्जुनाची पत्नी आणि बभ्रुवाहनाची आई म्हणून चित्रांगदा महाभारतात भेटते. मात्र शिकार करणारी, कुणालाही न जुमानणारी चित्रांगदा रंगवली ती रवींद्रनाथ टागोरांनी. त्यांचं 'चित्रांगदा' हे काव्यनाटक १८९२ साली प्रसिद्ध झालं. पुढे १९३६ मध्ये त्यांनी याच कथेवर नृत्यनाट्य रचलं.

महाभारतात काय आहे?

आदिपर्वात अर्जुन मणिपूरला येतो आणि राजा चित्रवाहनाकडे त्याच्या मुलीला मागणी घालतो. तिला होणारा मुलगा मणिपूरचाच वारस राहील, ही राजाची अट तो मान्य करतो. या बोलणीत चित्रांगदेचं मन कुणी विचारत नाही.

टागोरांनी काय बदललं?

टागोरांच्या नाटकात प्रेमात आधी पडते ती चित्रांगदा. राजाला मुलगा नसल्याने ती मुलासारखी वाढलेली असते. धनुष्य चालवणं आणि राज्याचं रक्षण करणं हेच तिचं आयुष्य. जंगलात अर्जुन भेटतो आणि तिला पहिल्यांदाच आपलं रूप कमी वाटू लागतं. ती साजशृंगार करून त्याच्याकडे जाते, पण तो ब्रह्मचर्यव्रताचं कारण सांगून नकार देतो. मग ती मदनाकडे एका दिवसापुरतं सौंदर्य मागते. तिला मिळतं वर्षभराचं!

सौंदर्य मिळाल्यावर काय होतं?

अर्जुन आपलं व्रत विसरतो. पण चित्रांगदेला कळून चुकतं की त्याचं प्रेम उसन्या रूपावर आहे. तिचं स्वतःचं शरीरच जणू तिची सवत होतं.

इकडे अर्जुनाच्या कानावर एक गोष्ट येते: गावकऱ्यांचं लुटारूंपासून रक्षण करणारी एक शूर राजकन्या इथे आहे. तिला भेटायची ओढ त्याला लागते. ती तर त्याच्या शेजारीच असते!

शेवटी ती कशी बदलते?

वर्ष सरतं तेव्हा ती खरी ओळख सांगते. आपल्याला देवी करून पूजू नये आणि दुर्लक्षूनही टाकू नये, संकटात सोबत घ्यावं, असं तिचं म्हणणं असतं. अर्जुन तिला आहे तशी स्वीकारतो.

म्हणजे प्रेम तिला दोनदा बदलतं. आधी ती प्रेमासाठी स्वतःला लपवते. नंतर मात्र नकाराची भीती असूनही खऱ्या रूपात समोर उभी राहते. रणांगणात कधी न लागलेलं धैर्य तिला इथे लागतं.