ड्रमवादकांचा डावा अंगठा

एकोणिसाव्या शतकात प्रशियन सैन्यातल्या ड्रमवादकांच्या डाव्या अंगठ्याचे टोक अचानक खाली पडे आणि काही केल्या उचलता येत नसे. डॉक्टरांनी तो लकवा ठरवला. पण मज्जातंतू निकामी झाला असता तर मनगट आणि इतर बोटेही लुळी पडली असती. इथे झुके ते फक्त अंगठ्याचे टोक. १८९६ मध्ये ड्यूम्स या जर्मन डॉक्टरांनी खरे कारण मांडले: अंगठा सरळ करणारी लांब कंडराच तुटलेली असे. डावी काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरली जाई आणि मनगटामागच्या हाडाच्या उंचवट्याला वळसा घालणारी ही कंडरा ठोक्यागणिक तिथे घासे.

मग ड्रमला कधी हातही न लावलेल्यांची कंडरा का तुटते? आक्षेप रास्त आहे. मनगटाचे हाड मोडल्यावर, बरेचदा ते जागचे हललेले नसतानाही, काही आठवड्यांनी ती तुटते. कंडरा जिथून जाते त्या अरुंद खोबणीत रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा, सुजेने तोही आटतो. म्हणजे सगळा दोष घर्षणाच्या माथी मारता येत नाही.  शस्त्रक्रियेत झिजून विरलेली टोके एकमेकांना शिवून सहसा भागत नाही. म्हणून तर्जनी ताठ करणाऱ्या दोन कंडरांपैकी एक वळवून अंगठ्याला जोडतात. उरलेल्या कंडरेवर तर्जनीचे काम चालते.