मराठीच्या तासाचे नियम : सौंसर-पांढुर्ण्याचा दाखला

शाळेतील भाषेच्या तासाला दोन प्रकारचे नियम असतात. पहिले नियम गुरुजी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगतात : वही रोज आणावी, शुद्धलेखनाचे एक पान चुकवू नये, धडा मोठ्याने वाचावा, तासाला त्याच भाषेत बोलावे, चाचणी बुडविल्यास कारण लिहून आणावे. दुसरे नियम वर्गाला कोणी सांगत नाही. हा तास मुळात भरावा की नाही, किती मुले असली म्हणजे भरावा, शिकविणारा कोणी नेमावा, त्या विषयाचे गुण निकालात धरावे की नाही, हे ते नियम होत. पहिले गुरुजींच्या हाती असतात, दुसरे शासनाच्या. मध्यप्रदेशातील आपण जुनी मराठी घराणी मुलांच्या मराठीविषयी चिंता करतो, तेव्हा आपली चर्चा बहुधा पहिल्या नियमांपाशीच थांबते. सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा इतिहास पाहिला म्हणजे दुसऱ्या नियमांचे महत्त्व ध्यानात येते.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदे-होळकरांच्या चाकरीत, पुढे इंग्रजी कचेऱ्यांत किंवा रेल्वेत नोकरीनिमित्त या प्रदेशात आले आणि येथलेच झाले. सौंसर-पांढुर्ण्याची गोष्ट वेगळी आहे. तेथील मराठी कुणबी, माळी, तेली, कोष्टी हा नोकरीसाठी परमुलखात गेलेला समाज नव्हे. तो आपल्या शेतावरच राहिला. राज्याची सीमा मात्र त्याच्या दक्षिणेकडून आखली गेली. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील ही काळी जमीन कापसाची आणि संत्र्याची. कन्हानचे पाणी नागपूरकडे जाते आणि मालही त्याच बाजूच्या पेठेत जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार साऱ्या देशाला ठाऊक आहे. मात्र तेथील शाळांत मराठीचे काय झाले, याची विचारपूस क्वचितच होते.

हा भाग पूर्वी देवगडच्या गोंड राज्याचा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्याच १८५४ साली वुडचा शिक्षणविषयक खलिता आला आणि सर्वसामान्य जनतेचे शिक्षण देशी भाषांतून व्हावे हे धोरण त्यात मांडले गेले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला व त्याची राजधानी नागपूर ठरली. छिंदवाडा जिल्ह्याच्या तेव्हा दोन तहसिली होत्या, वर छिंदवाडा आणि खाली सौंसर. पांढुर्णा सौंसर तहसिलीतच मोडत असे. घाटावर हिंदी व गोंडी आणि घाटाखाली मराठी, अशी भाषेची स्थूल विभागणी होती. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात मराठीच्या नागपुरी बोलीचा प्रदेश सांगताना छिंदवाड्याच्या या दक्षिण भागाचा समावेश केलेला आहे.

त्या काळी घाटाखाली ‘मराठीचा तास’ असा निराळा मागावा लागत नसे. प्राथमिक शाळेचे माध्यमच मराठी होते. गणित, भूगोल, इतिहास सारे त्याच भाषेत चाले. कित्ता गिरविणे, पाढे म्हणणे, श्रुतलेखन, कविता पाठ करणे ही शिस्त भाषेची होती तशीच एकूण शिक्षणाचीही होती. १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळ आल्यावर पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावाने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, ही तिची कल्पना. स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्यप्रदेशात १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. म्हणजे सौंसरचा मराठी मुलगा तोवर राजभाषेतच शिकत होता. भाषा राज्याची असली की तिच्या तासाला वेगळ्या नियमाची गरज पडत नाही.

ती गरज १ नोव्हेंबर १९५६ रोजी निर्माण झाली. राज्यपुनर्रचना आयोगाने आपल्या १९५५ च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हाच घटक धरला होता. त्यानुसार नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा आपल्या मराठी तहसिलीसह मध्यप्रदेशात राहिला. बैतूल व बालाघाट यांचेही तसेच झाले. जिल्हा मोजला की मराठी अल्पसंख्य ठरत होती आणि तहसील मोजली की चित्र निराळे दिसत होते. मोजणीचा घटक कोणता धरावा, या एका प्रश्नाने पुढील पिढ्यांच्या भाषेचा निर्णय केला.

अशा सीमावर्ती मुलांचा विचार शासनाने केला नव्हता असे नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते की, संपूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या मातृभाषेची असतील, तर प्राथमिक स्तरावर त्या भाषेचा शिक्षक नेमावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे घातली गेली. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची योजना केली. १९६१ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत माध्यमिक स्तरासाठीही आकडे ठरले : वरच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ विद्यार्थी. सत्र सुरू होण्यापूर्वी तीन महिने आधी पालकांच्या मागणीची नोंद करणारी नोंदवही उघडावी आणि एका शाळेत संख्या न भरल्यास शेजारच्या शाळांत मुलांची जुळवाजुळव करावी, असेही या व्यवस्थेत अपेक्षित होते.

हे नियम वाचताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, ३५०-अ कलमात राज्य ‘प्रयत्न करील’ अशी भाषा आहे. शासकीय सेवेत ज्यांची उमर गेली त्यांना ठाऊक आहे की, ‘करील’ आणि ‘प्रयत्न करील’ यांत नस्तीच्या आयुष्याइतके अंतर असते. दुसरी, आकडा शाळेचा आहे, तहसिलीचा नाही. समजा, पाच लहान गावांच्या पाच शाळांत प्रत्येक वर्गात आठ-आठ मुले मराठी मागणारी आहेत. परिसरात एकूण चाळीस झाली, तरी एकाही वर्गात दहा भरत नाहीत. आणि जुळवाजुळव कोणी केली नाही तर पाचही ठिकाणी ‘संख्या अपुरी’ असा शेरा पडतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही सारी यंत्रणा मागणीवर चालते. मागणी लेखी नसेल, तर शासनाच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसते. कोणताही विषय बंद करण्याचा आदेश सहसा निघत नाही. शिक्षक निवृत्त होतो, जागा रिक्त राहते, दोन वर्षे मुले दुसरा विषय घेतात आणि तिसऱ्या वर्षी मागणी नसल्याने जागा भरण्याचे कारण उरत नाही.

या प्रवासात मराठी माध्यमाची भाषा होती ती विषय झाली, आणि विषय झाल्यावर त्रिभाषा सूत्रातील तिसऱ्या स्थानावर आली. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हिंदीभाषक राज्यांत हिंदी व इंग्रजीखेरीज एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेची, शिकवावी असे म्हटले. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती जागा संस्कृतने घेतली. संस्कृतविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि, ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते, त्याच्यासाठी आधुनिक भारतीय भाषा शोधायला दूर जाण्याचे कारण नव्हते. भोपाळच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या हायस्कूल परीक्षेत मराठीची प्रश्नपत्रिका असते, हे आपण विसरता कामा नये. दार बंद नाही. आत जाणारे कमी झाले आहेत.

फळ्यावरच्या नियमांनाही या सीमेने स्पर्श केला. मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेले शुद्धलेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. हे नागपूर वेगळे झाल्यानंतर सहा वर्षांनी घडले. अर्थात सीमेच्या अलीकडे जुन्या वळणाने शिकलेले आजोबा आणि पलीकडून आलेले नवे पुस्तक वाचणारा नातू यांचे अनुस्वार जुळेनासे झाले. दोघेही आपापल्या काळाच्या नियमाने शुद्धच होते.

वर्गातील अडचण आणखी सूक्ष्म आहे. घरी मूल ‘मले पायजे’ म्हणते, पुस्तक ‘मला पाहिजे’ शिकविते आणि उरलेले सारे तास ‘मुझे चाहिए’ मध्ये जातात. वऱ्हाडी वळणात ‘डोळे’ चे ‘डोये’ होतात आणि हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाहीच. शब्दांचे तर विचारूच नये. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे, मराठीत तळाकडे. ‘संसार’ तेथे जग आणि आपल्याकडे घरप्रपंच. लिपी एकच असल्याने मुलाला आपण दोन भाषा वाचीत आहोत याचे भान राहत नाही. म्हणून येथील मराठीचा तास पुण्यातील मराठीच्या तासाची नक्कल असून चालणार नाही. तो हिंदी-मराठीचा भेद दाखविणारा आणि घरच्या बोलीला अशुद्ध न ठरविता तिच्यावरून प्रमाण भाषेकडे नेणारा हवा.

या बाबतीत दूरदेशीचा एक दाखला उपयोगी आहे. अमेरिकेच्या हायस्कुलांत स्पॅनिश ही सर्वाधिक शिकविली जाणारी परकी भाषा आहे. परंतु ज्यांच्या घरीच स्पॅनिश बोलली जाते, अशा मुलांसाठी अनेक शाळांत स्वतंत्र वर्ग असतो. कारण त्यांना बोलणे शिकवायचे नसते. वाचन, लेखन आणि औपचारिक भाषा शिकवायची असते. वर्गाचे नियमही स्पष्ट असतात. तेथील परकीय भाषाशिक्षकांच्या परिषदेने २०१० मध्ये शिफारस केली की, वर्गातील नव्वद टक्के किंवा अधिक व्यवहार शिकविल्या जाणाऱ्या भाषेतच व्हावा. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून दोन भाषांत प्रावीण्य दाखविणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदविकेवर विशेष मुद्रा देण्याची सोय केली. घरच्या भाषेला शाळेत मान आणि निकालात स्थान मिळाले की, मूल तिला ओझे मानत नाही. उत्तर अमेरिकेतील आपल्याच बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने अभ्यासक्रम व परीक्षा चालवितात, त्यामागचे सूत्रही हेच आहे.

इकडे आपल्या देशाच्या २०२० च्या शिक्षण धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकता येणाऱ्या परकी भाषांत स्पॅनिशचा उल्लेख केला आहे. त्याच धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरची भाषा हे माध्यम असावे, असेही म्हटले आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२५ मध्ये तेथे पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासननिर्णय निघाले व लोकांच्या विरोधामुळे जूनअखेर मागे घेतले गेले. सीमेच्या अलीकडे आपली तक्रार सक्तीविरुद्ध नाही आणि हिंदीविरुद्ध तर मुळीच नाही. हिंदीने आपल्याला अन्न दिले आहे. आपली मागणी ऐच्छिक विषय खरोखर ऐच्छिक राहावा, म्हणजे निवडता यावा, एवढीच आहे.

ही मागणी करण्याची वेळ आता आली आहे असे आम्हांस वाटते. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि त्यात सौंसरचा समावेश झाला. १९५६ मध्ये ज्या मोठ्या जिल्ह्याच्या मोजणीत हा भाग विरघळला, त्या मोजणीतून तो बाहेर पडला. १९५६ च्या सप्टेंबरात केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणार्थ जे निवेदन प्रसृत केले, त्यात जिल्ह्यातील साठ टक्के आणि स्थानिक क्षेत्रातील पंधरा टक्के अशा प्रमाणांचा विचार आहे. पंधरा टक्क्यांवर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे त्यात अपेक्षित आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख असलेली जनगणना ही नव्या जिल्ह्याची पहिलीच जनगणना. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते, यावर ही प्रमाणे अवलंबून राहतील. घरी मराठी बोलणाऱ्याने सवयीने ‘हिंदी’ सांगू नये. आणि ज्यांची मायबोली पवारी किंवा गोंडी आहे, त्यांनी ती तशीच सांगावी. कोणाचीही भाषा आपल्या संख्येसाठी ओढून घेणे उचित नाही.

२०२४ च्या ३ ऑक्टोबरला मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी मानला. परंतु अभिजात भाषेलाही पंधरा मुलांचा वर्ग लागतो. प्रवेशाच्या वेळी विषयाच्या रकान्यात मराठी लिहावी. लगतच्या शाळांच्या पालकांनी एकत्रित लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. शिक्षकाची जागा रिक्त होण्याआधी वर्षभर तिच्याविषयी लिहावे. आपल्या संस्थेने इंदूर-जबलपुरात कविसंमेलने अवश्य भरवावीत, पण दरवर्षी एक प्रवास पांढुर्ण्याचाही ठेवावा आणि तेथील मराठी घेणाऱ्या मुलांना पुस्तके द्यावीत. फळ्यावरचे नियम गुरुजी पाळून घेतील; तो फळा आणि ते गुरुजी जागेवर राहावेत, एवढे पाहणे आपल्याकडे आहे.